फॉरमॅट मारायच्या आधी बाबांचा डेस्कटॉप बघायला हवा होता

आज गणपतीची किंवा पिपलानीच्या क्वार्टर्सची आठवण नाही. कॉम्प्युटरची आहे, आणि थोडं भांडणही आहे.

गेल्या काही महिन्यांत सोनागिरीत आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी जुने कॉम्प्युटर फॉरमॅट मारून घेतले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले, म्हणून पोरं घाबरवतात, दुकानवालाही म्हणतो, "अंकल, एकदम नया कर देता हूँ." पैकी दोन घरांत कॉम्प्युटर वापरणारी व्यक्ती पंचाहत्तरीच्या पुढची आहे. फॉरमॅट मारायचं ठरवलं मुलाने, तो राहतो बेंगळुरूला, आणि काकांना विचारलं फक्त "बॅकअप घेतलाय ना?" काका हो म्हणाले. काकांना बॅकअप म्हणजे तो वीज गेल्यावर चालणारा डबा वाटतो. हसू नका, माझ्या घरी हेच झालं होतं.

आमचे बाबा 1963 ला नागपूरहून हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. तेव्हा भोपाळचा कारखाना भेल झाला नव्हता, ते विलीनीकरण 1974 चं. पिपलानीत बत्तीस वर्षं क्वार्टरमध्ये काढून रिटायर झाल्यावर सोनागिरीत घर बांधलं. 2003 ला मी त्यांना पेंटियम फोर घेऊन दिला, 40 जीबीची डिस्क. मला वाटलं पत्ते खेळतील. ते इंद्रपुरीत एका टायपिंगच्या दुकानात जाऊन कृतिदेव शिकून आले! शिकवणारा हिंदीवाला, त्याला ळ विचारला की तो ल दाखवायचा. बाबांनी तो कुठल्या कळीवर आहे ते स्वतः शोधून काढलं आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

मग रोज सकाळी दोन तास ते लिहायचे. क्वार्टरच्या ब्लॉकमध्ये कोण कोण राहायचं, कुठल्या गावचे, कोणाच्या मुंजीत किती पंगती उठल्या, गणपतीची वर्गणी कोणी बुडवली (नावासकट), 1984 च्या वायुकांडाच्या रात्री आमच्या दोन खोल्यांत किती माणसं झोपली. साठेक पानं झाली असतील. मी कधी वाचलं नाही. "पूर्ण झालं की दे, बाबा," म्हणायचो.

2009 च्या दिवाळीत मी पुण्याहून आलो. कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. मी म्हटलं, फॉरमॅट मारतो. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, माय डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घ्यायचं, सी पुसून नवीन एक्सपी टाकायची, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. मीही तेच केलं. पण बाबा सगळं डेस्कटॉपवर ठेवायचे, कारण समोर दिसतं. आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझं पिवळं फोल्डर कुठं गेलं रे?"

इथे जरा आत काय होतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फॉरमॅट म्हणजे पाटी पुसली. क्विक फॉरमॅटमध्ये पाटी पुसली जात नाही. वहीची अनुक्रमणिका फाडून कोरी लावतात, आतली पानं तशीच असतात, फक्त ती आता मोकळी समजली जातात. खरा घात त्यानंतर होतो. नवी विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, सगळं त्या मोकळ्या पानांवर लिहिलं जातं. म्हणून चूक कळली की त्या क्षणी मशीन बंद करायचं. मी तीन दिवस वापरलं होतं, वर साउंडचा ड्रायव्हर बसेना म्हणून एक्सपी दुसऱ्यांदा टाकली होती. (आजच्या एसएसडीत तर तेवढीही सवलत नाही. ट्रिम नावाची सोय चालू असते, ती पुसलेली जागा बहुधा लगेच खरंच रिकामी करते.)

तरी एम. पी. नगरमध्ये एकाकडे डिस्क नेली. त्याने दोन दिवस रिकव्हरी चालवली. फोटो बरेच आले. वर्डच्या शंभरेक फाइली आल्या, नाव नसलेल्या, नुसते नंबर. आम्ही दोघांनी एकेक उघडून बघितल्या. काही इंग्रजी होत्या. बाकीच्यांत इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, मध्येच कॅपिटल, मध्येच ब्रॅकेट. तो म्हणाला, "ये सब करप्ट है सर." मी म्हटलं, हो. चांगल्या तेवढ्या घेतल्या, बाकी सोडून आलो.

2016 ला भाचीला टायपिंगच्या क्लासला घेऊन गेलो होतो. तिथल्या स्क्रीनवर तस्साच चिवडा. मास्तरांनी सगळं सिलेक्ट केलं, फॉन्ट बदलून कृतिदेव केला, आणि समोर स्वच्छ देवनागरी!

कृतिदेव, शिवाजी, हे सगळे जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. 'मराठी' असं टाइप केलं की फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच असतं. फॉन्ट आहे तोवर ते मराठी दिसतं. विंडोज पुसली की बाहेरून टाकलेला फॉन्ट जातो, आणि अख्खी फाइल धडधाकट असूनही सडल्यासारखी दिसते. दुकानातल्या त्या चिवड्यात बाबांची पानं होती की नव्हती, मला कधीच कळणार नाही. बाबा 2014 ला गेले. त्या दिवाळीत ते एवढंच म्हणाले होते, "जाऊ दे, डोक्यात आहे." परत टाइप करायला बसले नाहीत.

म्हणून माझं मत ठाम आहे. म्हाताऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरची डिस्क पुसूच नये. मशीन हळू चालतं ना? नवीन एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका, आणि जुनी हार्ड डिस्क काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. यूएसबीचा जोड लावला की कधीही वाचता येते. 2003 च्या आसपासची असेल तर रुंद पट्टीची आयडीई असेल, तिचा जोड वेगळा मिळतो. दुकानवाला म्हणेल, अंकल, फालतू खर्चा. त्याचं चूक नाही, त्याला वेगाशी मतलब आहे. आपल्याला आत काय आहे त्याच्याशी.

कोणी म्हणेल, आता सगळं क्लाउडवर असतं. तुमचं असेल. ज्यांनी 2005 ला पंधरा पानं टाइप केली त्यांचं नाही.

मशीन कबाडीला किंवा अनोळखी माणसाला देताना मात्र उलटं वागा. तिथे आपण फाइली डिलीट करून मोकळे होतो, आणि पेन्शनची कागदपत्रं, पॅनकार्ड तसंच जातं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो सगळीकडे शून्यं लिहितो. एक्सपीत तसं नव्हतं.

आणि चिवडा दिसला तर डिलीट करू नका. आधी फॉन्ट बदलून बघा. कृतिदेवचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, साठ पानांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

गेल्या महिन्यात आईला विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये एक प्रिंट सापडली. पान क्रमांक 7, बाबांनी बहुतेक कोणाला तरी दाखवायला काढलेली. ब्लॉकमधली घरं, 1971. तळमजल्यापासून सुरू होऊन वरच्या डाव्या घरापर्यंत येते आणि तिथे पान संपतं. उजव्या घरात कोण होतं ते आईला आठवत नाही. त्यांच्याकडे पांढरी सायकल होती म्हणते. कोणाला आठवत असेल तर खाली लिहा. आणि कोणाकडे जुन्या सीडी, डिस्क, न वाचता येणाऱ्या फाइली असतील तर सोनागिरीत घरी घेऊन या, संध्याकाळी सहानंतर मी असतो.