चहाच्या नावाखाली

"चल, चहा मारून येऊ." एवढंच म्हणालो होतो मी. थर्ड इयरची सबमिशन्स चालू होती. माझा रूम पार्टनर चार रात्री झोपला नव्हता, जेवण बंद, आणि रात्री-अपरात्री होस्टेलच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसायचा. गेटबाहेर त्याचे वडील गाडी घेऊन उभे होते. गाडी टपरीवर थांबलीच नाही, थेट मनोरुग्णांच्या दवाखान्यात गेली.

तीन आठवड्यांनी तो बराच सावरून परत आला. म्हणाला, "औषधांचा राग नाही रे. पण तू खोटं का बोललास?"

मित्रांनो, त्याला नेलं नसतं तर? तो विचारसुद्धा नको वाटतो. म्हणून "कुणावरही कधीच सक्ती नको" हे मला पटत नाही. पण "वेडाच आहे, त्याला काय विचारायचं?" हेही पटत नाही. या दुसऱ्या विचाराचं टोक म्हणजे तमिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ ला तिथे आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळताही आलं नाही. २८ जण गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी घातली. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. जिवाला धोका किंवा तसंच गंभीर कारण हवं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची मंजुरी. रुग्णाला या मंडळाकडे दादही मागता येते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा एमसीबी आहे. फॉल्ट आला की तो ट्रिप व्हायलाच हवा, नाहीतर घर जळेल. पण फॉल्ट काढल्यावर सप्लाय चालू करायचा असतो, मेन स्विच उपटून फेकायचा नसतो!

सक्तीने जीव वाचतो, पण बरं व्हायला विश्वास लागतो. तो टिकवण्याची सोयही याच कायद्यात आहे: पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. आणीबाणीत ते बाजूला राहू शकतं, पण एरवी डॉक्टरांनी ते मानायचं असतं.

माझ्या मित्राने गेल्या महिन्यात तो कागद केला. प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं. सही करताना म्हणाला, "न्यायची वेळ आली तर ने. फक्त कुठे नेतोयस ते सांगून ने."

मग आम्ही चहाला गेलो. खरंच चहाला.