टॅब विकण्याआधी राउटर कुठे आहे ते बघा

मागच्या महिन्यात पेठ बीडमधून एका आपांचा फोन आला. लेक बारावी सायन्सला, नीटची तयारी टॅबवर चालते. तीन तासांची सराव परीक्षा सुरू केली की मध्येच वायफाय तुटतं, पेपर तिथंच अडकतो. थोरला भाऊ म्हणतो, टॅबच भंगार आहे. अब्बा म्हणतात, आणखी सात-आठ हजार आता जमणार नाहीत, क्लासच बंद करा. आपांनी विचारलं, “भाईजान, टॅब विकून टाकू का?”

मी म्हटलं, थांबा. असरनंतर त्यांच्या घरी गेलो.

जुनं घर. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर माळवद. राउटर पुढच्या बैठकीत, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला, कारण तिथं प्लग होता आणि वायर दिसत नव्हती. मुलगी अभ्यासाला बसते सगळ्यात आतल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून. मध्ये दोन भिंती आणि एक कपाट. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हेच चित्र दिसेल. नेट बसवायला माणूस येतो तेव्हा बैठकीत पुरुष असतात, म्हणून राउटर तिथंच लागतो. ज्यांना त्याची खरी गरज असते त्या मुली आत असतात.

टॅबला दोष देण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. टॅब राउटरजवळ, चार-पाच फुटांवर नेऊन अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा. तिथं तुटला नाही तर टॅब बहुधा ठीक आहे. मग तुटतो त्या जागी घरातला एखादा मोबाइल वायफायवर लावून बघा, त्याचा मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा. मोबाइलही अडखळला तर सिग्नलच तिथवर पोचत नाही. मोबाइल चालला आणि टॅबच तुटला, तर टॅबमध्ये हात घालायचा. आपांच्या घरी आतल्या खोलीत दोन्ही अडखळले.

राउटर जमिनीपासून उंच, उघड्यावर हवा. कपाट, फ्रिज, पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी यांच्यामागे ठेवला तर सिग्नल तिथंच अडतो. फायबरची बारीक वायर असेल तर ती स्वतः ओढू नका, काटकोनात वाकली की आतली काच मोडते. ऑपरेटरच्या माणसाकडूनच हलवून घ्या.

आता ‘5जी’चा घोळ. राउटर बरेचदा दोन नावं दाखवतो, एकाच्या शेवटी 5जी लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या 5जीशी काही संबंध नाही. तो 5 गीगाहर्ट्झचा पट्टा, वेग जास्त पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. दुसरा 2.4 गीगाहर्ट्झचा, वेग कमी पण भिंतीपलीकडे त्याच्यापेक्षा बरा पोचणारा. बऱ्याच स्वस्त टॅबना दुसराच दिसतो. दोन्ही दिसत असतील तर आतल्या खोलीसाठी 2.4 निवडा आणि टॅबमधून दुसरं नाव काढून टाका, नाहीतर तो दोघांमध्ये उड्या मारत बसतो.

इशानंतरच तुटतं का? मग शेजाऱ्यांचे राउटर कारण असू शकतात. दाट गल्लीत रात्री सगळेच नेटवर असतात. 2.4च्या पट्ट्यात 13 चॅनल असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न अडवणारे तीनच धरा: 1, 6 आणि 11. यातला कमी गर्दीचा चॅनल राउटरच्या सेटिंगमध्ये लावता येतो, रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवायची. केबलवाल्याला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे. 12 किंवा 13 लावू देऊ नका, काही टॅबना ते दिसतच नाहीत.

टॅबमध्ये बघायचं ते थोडं आहे. वायफायचं नाव ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. बॅटरी सेव्हर बंद करा. तारीख आणि वेळ आपोआपवर ठेवा. वेळ चुकीची असली की वायफाय जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाहीत, आणि माणूस उगाच राउटरला शिव्या देतो. ब्लूटूथचे इअरफोनही याच 2.4च्या पट्ट्यात बोलतात, परीक्षेला वायरवाले वापरा. एवढ्याने भागलं नाही तर ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ करा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो आणि नोट्स राहतात. ‘फॅक्टरी रीसेट’ वेगळं, त्यात सगळं पुसलं जातं. दुकानदार पहिल्यांदा तेच सुचवतात, नोट्स दुसरीकडे घेतल्याशिवाय करू देऊ नका.

ज्यांचं सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं त्यांनी हॉटस्पॉटही 2.4वर ठेवावा आणि आपोआप बंद होण्याची सोय काढावी. जुन्या फोनवर कॉल आला की डेटा थांबतो, पेपर चालू असताना तो फोन कुणाच्या खिशात नको.

लाइट जाण्याचं सांगायला नकोच. लाइट गेली, आली, राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात पेपर गेलेला असतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवा, बहुतेकांचा 12 असतो, काहींचा 9.

2011मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब आणला होता, आठवतो का? त्याची सगळी मदार वायफायवर, आणि वायफाय तेव्हा आपल्याकडे होतं कुठे!

आपांच्या घरी राउटर कपाटामागून निघून मधल्या दाराच्या वरच्या फळीवर गेला, चॅनल बदलला. आतल्या खोलीत आता व्हिडिओ चालतो. रात्री मात्र एखाद्या वेळी अजून तुटतो, दोन फुटी भिंत ती भिंतच. तीन तासांच्या पेपरला तेवढंही परवडत नाही. म्हणून अब्बांनीच ठरवलं, रविवारी सकाळी दहा ते एक बैठक लेकीची. त्या वेळी कुणी मेहमान आले तर चहा ओसरीवर.