रात्रीचा हिशेब

दुकानदार गल्ला मोजल्याशिवाय शटर ओढत नाही. आपण मात्र दिवसामागून दिवस हिशेबाविना बंद करतो आणि मग म्हणतो, आयुष्याला दिशाच सापडत नाही!

इमाम गझाली (रह.) १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवू लागले. मान होता, शेकडो विद्यार्थी होते. तरी त्यांनी स्वतःला विचारले, हे मी कोणासाठी करतो? मनाने खरे उत्तर दिले: नावासाठी. कित्येक महिने घालमेल चालली. वर्गात तोंडातून शब्द फुटेना. १०९५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढे ११०६ मध्ये नीशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, नीयत बदलली होती. म्हणजे दिशा सापडायला दरवेळी नोकरी बदलावी लागते असे नाही.

'इह्या उलूमुद्दीन'मध्ये त्यांनी मुहासब्याची रीतही सांगितली आहे. नफ्सला व्यापारातला भागीदार समजा. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवा, रात्री हिशेब घ्या.

आपणही इशाच्या नमाजनंतर पाच मिनिटे मोबाईल बाजूला ठेवू या. आज काय केले, कोणासाठी केले, कोणाचे मन दुखावले, एवढेच विचारू या. मुलांनाही 'तू कोण होणार?' याबरोबर 'कशासाठी?' हे विचारू या. उत्तराची घाई नको.

मात्र एक पथ्य पाळू या. हा हिशेब स्वतःचाच घ्यायचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा नाही!