तिरुची शिवा यांचे विधेयक : राज्यसभेत तरले, लोकसभेत हाती कोण धरणार?

नवी दिल्ली, २६ एप्रिल २०१५ : द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांनी मांडलेले तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक शुक्रवारी, २४ एप्रिल रोजी राज्यसभेने एकमताने संमत केले. दुसऱ्याच दिवशी नेपाळमधील भूकंपाने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले आणि ही बातमी मागे पडली. ते स्वाभाविकही होते. परंतु संसदीय इतिहासाच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. खासगी सदस्याचे विधेयक राज्यसभेने संमत करण्याचा प्रसंग तब्बल ३६ वर्षांनी आला. असे विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडून त्याचा कायदा झाल्याला तर ४५ वर्षे लोटली आहेत. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलाची कक्षा वाढविणारा कायदा झाला, तो लोकसभेचे अपक्ष सदस्य आनंद नारायण मुल्ला यांच्या विधेयकातून. संसदीय कामकाजाच्या वृत्तांकनाला संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही असाच, फिरोज गांधी यांच्या प्रयत्नातून आलेला. अशा कायद्यांची आजवरची एकूण संख्या १४.

ही संख्या इतकी तोकडी का, याचे उत्तर शुक्रवारच्या दुपारी सापडते. मंत्री नसलेल्या सदस्यांच्या कामकाजाला आठवड्यातून एकदा अडीच तास मिळतात. तेही एका शुक्रवारी विधेयकांना, तर पुढच्या शुक्रवारी ठरावांना. क्रम सोडतीने लागतो. खासदार मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात. चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, सरकार या प्रश्नाचा विचार करीत असल्याचे आश्वासन मिळते आणि सदस्य आभार मानून विधेयक मागे घेतो. हा जणू ठरलेला शिष्टाचारच आहे.

शिवा यांनी तो मोडला. सामाजिक न्यायमंत्री थावरचंद गेहलोत यांनी सरकार स्वतः सर्वंकष विधेयक आणील असे सांगून विधेयक मागे घेण्याची विनंती केली होती. शिवा यांनी ती मानली नाही. मतविभागणीची तयारी दाखविली. राज्यसभेत सत्ताधारी आघाडी अल्पमतात आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. अखेर अशा विषयावर सभागृह विभागलेले दिसू नये, अशी भूमिका सभागृह नेते अरुण जेटली यांनी घेतली आणि आवाजी मतदानाने विधेयक संमत झाले. एकमत झाले खरे, पण ते नकारापोटी जन्मले. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगवास भोगलेल्या या नेत्याला सरकारी आश्वासनाचे वजन किती, याचा अंदाज असावा.

आश्वासनावर विसंबून राहण्यासारखी स्थितीही नव्हती. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल जानेवारी २०१४ मध्येच आला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार दिला आणि त्यांना मागास वर्ग मानून आरक्षण द्यावे, असा आदेश दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात पक्षकार होत्या. त्यानंतर केंद्राने काय केले? निकालाचे स्पष्टीकरण मागणारा अर्ज केला. शिवा यांचे विधेयक डिसेंबरमध्ये सादर झाले, तेव्हा निकालाला आठ महिने होत आले होते.

विधेयकात ५८ कलमे आहेत. राष्ट्रीय व राज्य आयोग, विशेष न्यायालये, शिक्षण, आरोग्य, निवृत्तिवेतन असा त्याचा पल्ला आहे. व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्यासोबत जोगता हा शब्दही आहे. यल्लम्माच्या परंपरेतला हा शब्द महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागातील वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. शस्त्रक्रिया झाली आहे की नाही, ही अटही व्याख्येत नाही, आणि हेच तिचे बळ आहे.

विधेयकाची दुबळी बाजू आरक्षणाची आहे. त्यात शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत २ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच 'इतर' हा पर्याय आला आणि ४ लाख ८७ हजार ८०३ व्यक्तींची नोंद झाली. १२१ कोटींच्या देशात हे प्रमाण ०.०४ टक्के होते. नोंद अपुरी आहे हे उघड असले, तरी तफावत मोठी आहे. एखादी तृतीयपंथीय व्यक्ती अनुसूचित जातीचीही असेल, तर तिची गणना कोठे करायची? आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा असताना या जागा कोठून काढायच्या? ६९ टक्के आरक्षणाला नवव्या परिशिष्टाचे संरक्षण मिळविलेल्या तामिळनाडूच्या प्रतिनिधीला हा प्रश्न अवघड वाटत नसेल. इतर राज्यांना तो पडणारच. सरकारचा आक्षेप येथे निराधार नाही. मात्र अशा तरतुदी दुरुस्त करता येतात. त्यासाठी विधेयकच मागे घेण्याचे कारण नव्हते.

विधेयकाची मुळे शिवा यांच्या राज्यात आहेत. तामिळनाडूने १५ एप्रिल २००८ रोजी, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या बरोबर सहा वर्षे आधी, तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. शिधापत्रिका, सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया, महाविद्यालयीन प्रवेशात स्वतंत्र नोंद या गोष्टी तेथे देशाच्या आधी झाल्या. मुख्यमंत्री करुणानिधी यांनी 'तिरुनंगै' हा आदराचा शब्द रूढ केला. 'अरवाणी' हा जुना शब्द विळुप्पुरम जिल्ह्यातील कूवागमच्या उत्सवातून आलेला. अर्जुनपुत्र अरवानाशी एका रात्रीचा विवाह आणि दुसऱ्या दिवशी वैधव्य, अशी ती प्रथा. मेच्या पहिल्या आठवड्यात, चित्रा पौर्णिमेच्या सुमारास, देशभरातून हजारो जण तेथे जमतील. गेल्या स्वातंत्र्यदिनापासून कोईमतूरच्या एका वृत्तवाहिनीवर तृतीयपंथीय निवेदिका बातम्या देत आहे.

पण हे मंडळ शासकीय आदेशाने उभे राहिले आहे, कायद्याने नव्हे. २०११ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. जयललिता सरकारने २०१२ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या निराधार तृतीयपंथीयांना दरमहा १००० रुपये निवृत्तिवेतन जाहीर केले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आदेशावर चालणाऱ्या संस्थेचे बळ सत्ताधाऱ्यांच्या इच्छेइतकेच असते. जनगणनेत तामिळनाडूपेक्षा महाराष्ट्रातील नोंद जास्त आहे, सुमारे २२ हजारांच्या तुलनेत ४० हजारांहून अधिक. महाराष्ट्रात मात्र असे मंडळ अजून कामाला लागलेले नाही. हक्क पत्त्यावर अवलंबून राहू नयेत म्हणूनच केंद्रीय कायदा हवा.

पुढची वाट लोकसभेतून जाते आणि नेमकी तेथेच शिवा यांची अडचण आहे. गेल्या वर्षीच्या निवडणुकीत तामिळनाडूतील ३९ पैकी ३७ जागा अण्णाद्रमुकने जिंकल्या, भाजप व पीएमके यांना एकेक मिळाली. द्रमुकला एकही नाही. राज्यसभेने पाठविलेले विधेयक लोकसभेच्या पटलावर ठेवले जाईल, पण ते विचारार्थ घेण्याची सूचना तेथील एखाद्या सदस्यानेच द्यायला हवी. शिवा यांच्या पक्षाकडे असा सदस्यच नाही. अण्णाद्रमुकचे ३७ सदस्य प्रतिस्पर्ध्याच्या विधेयकाला हात देतील, अशी आशा तामिळ राजकारण जाणणारा कोणी धरणार नाही.

त्यातून हे विधेयक खर्चाचे आहे. घटनेच्या अनुच्छेद ११७(३) नुसार अशा विधेयकाच्या विचारासाठी राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्याने चालतात. लोकसभेत सरकारला पूर्ण बहुमत आहे. म्हणजे नकार देण्याचीही गरज नाही. शुक्रवार जाऊ दिले तरी पुरे. लोकसभा विसर्जित होईपर्यंत विधेयक जिवंत राहील, त्यानंतर व्यपगत होईल. दरम्यान सरकार आपले विधेयक आणू शकते. तसे झाल्यास स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार, आयोग आणि आरक्षण यांपैकी त्यात काय उरते, हे शिवा यांच्या ५८ कलमांशी ताडून पाहावे लागेल.

लोकसभेचे चालू अधिवेशन वेळापत्रकानुसार ८ मे रोजी संपते. विधेयक हाती घेणारा सदस्य कोणत्या पक्षातून पुढे येतो, याकडे आता लक्ष आहे.