पावसाळी सहल : स्वस्त माल घडी उलगडून पाहावा

आषाढ लागला की कापडाची पेठ थंड पडते. लग्नसराई संपलेली असते, दसरा-दिवाळीची खरेदी सुरू व्हायला अवकाश असतो. गिऱ्हाईक पावसाचे निमित्त सांगून घरी बसते, यंत्रमागवाले सुताच्या भावाकडे डोळे लावून असतात आणि आम्ही गादीवर बसून जुन्या उधारीच्या वह्या चाळत असतो. दुकान भावावर किंवा मुलावर सोपवून बाहेर पडता येईल असे वर्षात हेच पाच-सहा आठवडे. नेमक्या याच दिवसांत जाहिराती येतात : थायलंड, पाच रात्री, निम्म्या दरात.

आपल्या बिरादरीत परदेश म्हणजे हज-उमरा, नाहीतर आखातातील नोकरी, असे पूर्वी होते. आता घरच्या मंडळींना घेऊन चार दिवस फिरून येणारे व्यापारी आणि कारखानदार दिसू लागले आहेत. काही बुजुर्गांना ही फजूलखर्ची वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. वर्षभर दुकानाचा आणि कारखान्याचा भार आपल्या घरच्या बायकाही तितकाच वाहतात, त्यांचाही काही हक्क आहे. आमची तक्रार वेगळी आहे. गाठीतला एकेक तागा उलगडून पाहणारा, दहा पैशांसाठी दोन तास घासाघीस करणारा आपला व्यापारी सहलीचा सौदा मात्र डोळे मिटून करतो. आम्हीही तसाच केला होता, म्हणून हे लिहीत आहोत.

स्वस्त का, हे आधी विचारा

कोणताही माल निम्म्या भावात मिळाला की आपण पहिला प्रश्न विचारतो : यात खोट काय आहे? कधी खोट नसते, नुसता हंगाम सरलेला असतो. कधी आतल्या घडीला डाग असतो. थायलंडचा खरा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या वेळी युरोपची थंडी चुकवायला आलेल्या लोकांनी हॉटेले भरलेली असतात. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा, तेव्हा खोल्या रिकाम्या आणि म्हणून दर खाली. इथपर्यंत खोट नाही.

आणि पावसाची भीती आपण काय बाळगायची? मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बँकॉकला वर्षभरात मिळून त्याच्या दुपटीच्या आसपास पडतो, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरचा वाटा मोठा. तिकडचा पाऊस बऱ्याचदा दुपारी किंवा संध्याकाळी तास-दोन तास कोसळतो आणि उघडतो. कोकणच्या माणसाला त्याचे काय! म्हणून जो व्यापारी म्हणतो, पावसात जायचेच कशाला, त्याचे म्हणणे आम्हाला पटत नाही. पण जो म्हणतो, पाऊस काय सगळीकडे सारखाच, त्याचे तर मुळीच पटत नाही.

एकाच देशात दोन पावसाळे

थायलंडच्या दक्षिणेकडे जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी गेली आहे. तिच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र. फुकेत, क्राबी, फी-फी, लांता ही ठिकाणे त्या बाजूची. पूर्वेला थायलंडचे आखात. सामुई बेट तिकडचे. मधे डोंगर. आपला नैऋत्येचा मान्सून मे ते ऑक्टोबर पश्चिम किनाऱ्याला झोडपतो. डोंगराच्या आडोशाने पूर्वेकडे त्याचा जोर कमी पडतो. उलट ईशान्येचे वारे सुरू झाले की ते आखातावरून पाणी उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर सामुईला सर्वांत जास्त पाऊस होतो. नोव्हेंबर तर तिथे ऐन पावसाचा.

आपल्याला हे समजायला कठीण नाही. महाबळेश्वर आणि फलटण हे दोन्ही साताऱ्याच्या एकाच जिल्ह्यात, पण दोन्हीकडचा पाऊस एक म्हणून कोणी सांगेल का? मलेशियातही हाच प्रकार आहे. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियन, रेदांग ही बेटे नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंद असतात, पण जून-जुलैत उघडी. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैऋत्य किनारा भिजतो आणि त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. म्हणजे जुलैत जायचे तर सामुई, त्रिंकोमाली, पेरहेंतियन. फुकेत आणि क्राबीलाही जावे, पण समुद्रात जाण्याचा बेत मनातून काढून. या एका गोष्टीवर सहलीचे सगळे गणित उभे आहे, आणि विकणारा ती स्वतःहून सांगत नाही.

आमची चूक

जुलै २०१९ मध्ये आम्ही सहा माणसे क्राबीच्या किनाऱ्यावर गेलो. त्यात चार वर्षांची नात होती. एजंट ओळखीतला. पाऊस येतो आणि जातो, काही काळजी नको, असे तो म्हणाला. हॉटेलबरोबर बेटांच्या दोन सफरींचे पैसेही त्याने आगाऊ घेतले. पावती दिली, अटी दिल्या नाहीत. आम्हीही मागितल्या नाहीत.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर लाल बावटे लागले, म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. सफर रद्द झाली. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडले, पण बावटे तसेच. आम्हाला वाटले, हे लोक आळशी आहेत. आम्ही स्वतः किनाऱ्यावर जाऊन लांब शेपटीच्या लाकडी बोटीच्या एका मालकाला गाठले. डोक्यावर टोपी, आमच्या सलामचे जवाब त्याने आदराने दिले. त्या भागात मुसलमान वस्ती बरीच आहे. आम्ही म्हटले, आकाश साफ आहे, चल. तो नाही म्हणाला. आम्ही दुप्पट पैसे देऊ केले. तो पुन्हा नाही म्हणाला आणि हाताने दूर समुद्राकडे दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, वर नका बघू, तिकडे बघा. आम्ही रागावलो. धंदा नाही म्हणून रडता आणि आलेले गिऱ्हाईक परत पाठवता, असेही बोललो. तो हसला आणि दोरी आवळू लागला.

संध्याकाळी हॉटेलातल्या मुलाने आम्हाला आदल्या वर्षीची हकीकत सांगितली. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ फीनिक्स नावाची प्रवासी बोट वादळात बुडाली. समुद्र खवळणार असल्याचा इशारा आधीच दिलेला होता, तरी बोट निघाली होती. ४७ माणसे गेली, सगळे चिनी प्रवासी. कोणी आई-बाप होते, कोणी लहान मुले होती. आम्ही नातीकडे पाहिले आणि त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आमचे काही झाले असतेच असे नाही. पण दुप्पट पैशांच्या लोभाने तो हो म्हणाला असता, तर आम्ही त्या बोटीत नातीला बसवले असते, हे खरे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शोधून माफी मागितली. सफरींचे पैसे मात्र एजंटाने परत केले नाहीत. पावसावर आमचा ताबा नाही, एवढेच त्याचे उत्तर होते. पावसावर ताबा नाही हे मान्य. पण पैसे घेताना पावसाची गोष्ट उघड करणे त्याच्या ताब्यात होते. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, आणि सहल हाही मालच आहे. दोष आमचाही होता. पाहून न घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आपण पेठेत हमदर्दी करत नाही.

मंदीत गळा दाबू नये

या प्रसंगातून दुसरीही एक गोष्ट शिकलो. हंगाम नसताना हॉटेलवाला आणि बोटवाला अडचणीत असतो. त्याच्याकडून कितीही खाली भाव पाडता येतो. आपल्याला हे चांगले माहीत आहे, कारण मंदीत बाहेरचे व्यापारी आपल्या यंत्रमागवाल्यांशी असेच वागतात. सुताचा खर्चही निघणार नाही असा भाव सांगतात आणि गरजू माणूस मान डोलावतो. तिथे आपल्याला चीड येते. मग परमुलखात आपणच तसे का वागावे? खरेदी-विक्रीत आणि वसुलीत नरमीने वागणाऱ्यासाठी रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी दुआ केली आहे, हे आपण मुलांना शिकवतो. भाव करावा, जरूर करावा. पण खोली स्वस्त मिळाली आहे, तर झाडूवाल्या बाईच्या हातावर काही ठेवावे. आणि कोणी सुरक्षिततेसाठी नाही म्हटले, तर तिथे पैशाची भाषा बोलू नये.

हिशेब कसा मांडावा

पहिली गोष्ट, तारखा. आपल्याला दोन कॅलेंडरे सांभाळावी लागतात. पावसाचे महिने हलत नाहीत, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१८ मध्ये रमजान ईद जूनच्या मध्यावर होती. त्या वर्षांत पावसाळ्याची सुरुवात ईदच्या धंद्यात जायची. आता रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि जून-जुलै मोकळे झाले आहेत. शाळेत जाणारी मुले असतील तर मेच्या अखेरपासून शाळा उघडेपर्यंतचे दिवस पाहावेत. तिकडचा पाऊस तेव्हा नुकता सुरू होत असतो आणि दर उतरलेले असतात.

दुसरी गोष्ट, पैसा. आधी फिरा, मग हप्ते भरा, हा सौदा घेऊ नये. व्याज उघड असो की फीच्या नावाखाली असो, सहलीसाठी ते डोक्यावर घेण्याची मजबुरी कोणालाच नसते. कारागिरांची मजुरी, लोकांचे देणे आणि जकात आधी. उरेल त्यात सहल. कारागिराचा हिशेब थकवून काढलेल्या सहलीत बरकत कुठून येणार?

तिसरी गोष्ट, कागद. समुद्र बंद राहिला तर सफरीचे पैसे परत मिळतील की नाही, हे लिहून घ्यावे. शक्यतो सफरीचे पैसे इथे देऊच नयेत. तिकडे जाऊन, हवा पाहून द्यावेत. मंदीत जागा मिळतेच. अमुक बेट, अमुक खाडी त्या महिन्यात उघडी आहे का तेही विचारावे. सिमिलानची बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. व्हिसाचे नियमही बदलतात. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला होता. तरी तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम वकिलातीकडून पाहून घ्यावा.

चौथी गोष्ट, आपले घर. पाऊस तिकडेच असतो असे नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईचा विमानतळ बंद पडला. किती गोदामांतल्या गाठी भिजल्या ते आपण विसरलेलो नाही. निघण्यापूर्वी माल फळ्यांवर चढवावा, चाव्या कोणाकडे आहेत ते ठरवावे आणि परतीनंतर एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. जाताना औषधे आणि डासांचे मलम घ्यावे, कारण पावसाळ्यात तिकडे डेंग्यू असतो.

पाऊस पडताना काय करावे

खाण्याची अडचण आम्हाला वाटली होती तेवढी आली नाही. थायलंडमध्ये हलालचे प्रमाणपत्र देण्याची रीतसर व्यवस्था आहे आणि अरबी अक्षरांचे चिन्ह पाकिटांवर आणि खाणावळींवर दिसते. कसरचा मसला मात्र घरूनच विचारून जावा. शाफई आणि हनफी यांचा मुक्कामाच्या दिवसांचा हिशेब वेगळा आहे.

आपल्या व्यवसायातल्या माणसाने बँकॉकमध्ये एक दिवस राखावा. पाहुरतच्या बाजारात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची कापडाची दुकाने आहेत. आणि साएन साएप कालव्याच्या काठी बान क्रुआ नावाचा मोहल्ला आहे. तिथले चाम मुसलमान पिढ्यान्पिढ्या रेशीम विणत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसाने थाई रेशमाला जगात नाव मिळवून दिले, ते याच मोहल्ल्यातल्या विणकरांच्या हातावर. १९६७ मध्ये तो मलेशियात बेपत्ता झाला. कालव्यापलीकडचे त्याचे घर आज संग्रहालय आहे आणि तिथे गर्दी असते. अलीकडे मोहल्ल्यात आता थोडेच माग उरले आहेत. नाव कोणाचे झाले आणि बोटे कोणाची झिजली, हे मालेगाव-भिवंडीच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पावसाच्या दुपारी छपराखाली बसून मागाचा खटखट आवाज ऐकायला आम्हाला समुद्रापेक्षा जास्त आवडले.

तेव्हा बंधूंनो, पावसाळ्यात जरूर जा. स्वस्तात जा, घरच्यांना घेऊन जा. फक्त जो माल घेत आहात त्याची घडी उलगडून पाहा. आणि लाल बावटा दिसला, तर किनाऱ्यावर बसून चहा प्या. समुद्र कुठे पळून जात नाही; पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह पुन्हा येता येईल.