दुरुस्तीचीही परीक्षा हवी

जीर्णोद्धार हे पुण्यकर्म होय, ही आपली परंपरागत श्रद्धा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु पुण्यकर्माची परीक्षा घ्यावयाची नसते, असा एक घातक समजही तिच्या जोडीने रूढ झाला आहे. पडझड झालेली वास्तू पुन्हा उभी राहिली, उद्घाटनाचा नारळ फुटला, नामफलक लागला की कार्य संपले, असे आपण मानतो. वास्तविक खरी जबाबदारी तेव्हाच सुरू होते. हा धडा ग्रीस देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला. तो आपणही समजून घेणे अगत्याचे आहे.

अथेन्सच्या अक्रॉपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन मंदिराची उभारणी इ. स. पूर्व ४४७ मध्ये सुरू झाली. पेंटेली डोंगराचा संगमरवर इतक्या काटेकोरपणे घडविलेला की दोन दगडांमध्ये चुना भरण्याची गरज पडली नाही. दगड एकमेकांशी जखडण्यासाठी लोखंडी पकडी वापरल्या, पण त्यांच्याभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशाच्या त्या कवचामुळे हवा व पाणी लोखंडापर्यंत पोहोचू शकले नाही. सप्टेंबर १६८७ मध्ये, तुर्कांनी तेथे दारूगोळा साठविलेला असताना, व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा आत पडला आणि मंदिराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनने तेथील शिल्पे उतरवून इंग्लंडला नेली. हे दोन घाव परक्यांचे. तिसरा घाव मात्र स्वकीयांचा होता, आणि तो दुरुस्तीच्या नावाने झाला.

१८९८ पासून सुमारे चार दशके निकोलाओस बालानोस या ग्रीक अभियंत्याने अक्रॉपोलिसवरील वास्तूंच्या पुनरुभारणीचे काम केले. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पडलेले स्तंभ त्याने उभे केले, त्याबद्दल त्याचा जयजयकारही झाला. परंतु त्याने लोखंड वापरले ते शिशाच्या कवचावाचून. सागरी हवा, पाऊस आणि पुढे वाढत्या शहराचा धूर यांनी ते लोखंड गंजले. गंजलेले लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगते. अडीच हजार वर्षे टिकलेला संगमरवर त्या दाबाने आतूनच तडकू लागला. शिवाय पुष्कळ दगड त्यांच्या मूळ जागी न बसविता जिथे जुळतील तिथे बसविले गेले. आधारासाठी घातलेल्या वस्तूनेच आधार दिलेल्याचा घात केला!

१९७४ मध्ये ग्रीसमधील लष्करी हुकूमशाही कोसळली आणि १९७५ मध्ये अक्रॉपोलिसच्या संरक्षणासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने प्रथम मान्य केले की पूर्वीची दुरुस्ती चुकली. कोणत्याही देशाला ही कबुली सोपी नसते. त्यानंतर गंजलेले लोखंड काढून त्याच्या जागी टायटॅनियम हा धातू घालण्याचे काम सुरू झाले. हा धातू गंजत नाही, आणि उष्णतेने त्याचे होणारे प्रसरण संगमरवराच्या प्रसरणाशी जुळते आहे.

परंतु आमच्या मते खरी शिकवण धातूच्या निवडीत नाही, ती त्यामागील विचारात आहे. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठात संगमरवराच्या ठोकळ्यांत धातूच्या पकडी बसवून त्या ताणल्या गेल्या, वाकविल्या गेल्या, दगड फुटेपर्यंत भार वाढविला गेला. डोळ्यांना चीर दिसण्यापूर्वीच दगडात होणारे अतिसूक्ष्म ध्वनी यंत्रांनी टिपले. पेंटेलीचा दगड थरांचा आहे. थराच्या दिशेनुसार त्याची ताकद बदलते, हेही त्यात ध्यानी घेतले गेले. या प्रयोगांच्या मुळाशी एक सूत्र आहे. धातूची जोडणी अशा बेताने करावी की भूकंपासारखा अतिरिक्त भार आला तर आधी धातूने हार मानावी, दगडाने नव्हे. धातू पुन्हा घालता येतो, प्राचीन दगड पुन्हा घडविता येत नाही. सेवकाने स्वामीच्या आधी घाव झेलावा, असे हे तत्त्व आहे. दुरुस्ती जितकी भक्कम तितकी चांगली, या आपल्या सर्वसाधारण कल्पनेला ते सरळ छेद देते.

प्रयोगशाळेतील परीक्षेने मात्र काम संपत नाही. फेब्रुवारी १९८१ च्या भूकंपाने पार्थेनॉनच्या पूर्व बाजूला इजा पोहोचविली, तर सप्टेंबर १९९९ मध्ये अथेन्स पुन्हा जबर हादरले. आज टेकडीच्या खडकावर आणि वास्तूच्या माथ्यावर कंपनमापक यंत्रे बसविलेली आहेत. पायथ्याशी हादरा किती आणि वर किती, याची नोंद त्यांत होते. वैद्याने रोज नाडी पाहावी, तशी ही व्यवस्था आहे. हे काम पन्नास वर्षांनंतरही चालूच आहे. त्याला दिरंगाई म्हणणे हा अन्याय ठरेल. चूक करायला चार दशके लागली, ती निस्तरायला पाच लागली तर नवल कसले?

आता आपल्याकडे वळू. सालाझारच्या राजवटीत, १९५० च्या सुमारास, जुन्या गोव्यातील बासिलिकेच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा काढून चिरे उघडे करण्यात आले. चिरा सच्छिद्र असतो, तो पावसाचे पाणी पितो. म्हणून तो गिलावा पुन्हा द्यावा काय, हा वाद अलीकडेपर्यंत झडत राहिला. साळावली धरणाच्या वेळी कुर्डीचे महादेव मंदिर दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारले गेले. हे काम निःसंशय गौरवाचे आहे. पण पुन्हा रचलेल्या वास्तूचे आयुष्य त्या दिवसापासून नव्याने मोजावे लागते. आणि गावोगावच्या देवळांत चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापले जाते, तेव्हा आत कोंडलेली ओल कोठे जाणार, हा प्रश्न किती महाजन विचारतात?

आम्ही महागड्या यंत्रांची मागणी करीत नाही. दुरुस्तीपूर्वी मूळ दगड-चुन्याची परीक्षा व्हावी, काय काढले व काय घातले याची लेखी नोंद देवस्थानच्या दप्तरी राहावी, आणि भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग हलते आहे, हे पुजाऱ्यालाही कळेल. एवढ्यासाठी निधी लागत नाही, लक्ष लागते.

बालानोसची श्रद्धा कमी नव्हती. त्याच्या कामाला कोणी वेळीच प्रश्न विचारला नाही, एवढेच कमी पडले. आपल्या देवालयांच्या वाट्याला ते दुर्दैव येऊ नये. जीर्णोद्धारासाठी वर्गणी देणाऱ्या प्रत्येक भाविकाने पावतीबरोबर हा प्रश्नही मागून घ्यावा: या दुरुस्तीची परीक्षा कोण, केव्हा आणि किती वर्षे घेणार आहे?