भाच्याची जीप आणि मिलिटरी रंगाची विमानं

दिवाळीत राजुऱ्याला गेलो, तर ताईच्या अंगणात एक जीप उभी. कडक मिलिटरी हिरवी, बॉनेटवर पांढराशुभ्र तारा. भाचा शेजारी फडकं घेऊन उभा.

"मामा, कशी दिसून राहिली?"

"दिसून तर झक्कास राहिली. पण हा तारा कुठला रे?"

"मिलिटरीचा."

"अरे, अमेरिकन मिलिटरीचा! आपल्या फौजेत कुठे असतो असा तारा?"

तो जरा हिरमुसला. मग मी त्याला दुसरी वाईट बातमी दिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. तारा राहू दे बाजूला, रंगच चालत नाही.

त्यावर त्याने जे विचारलं ते मला परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत पुरलं. म्हणाला, "पण मामा, ही डिस्पोजलची जीप आहे. खरंच मिलिटरीचीच होती. मी काय खोटं बोलून राहिलो?"

बरोबर आहे की त्याचं! लिलावात निघालेली, चार हात फिरून त्याच्याकडे आलेली जीप. तिचा मूळ रंग हाच. मग खोटं नेमकं कुठे आहे?

हा प्रश्न जीपपेक्षा विमानांच्या बाबतीत जास्त मजेशीर होतो. अमेरिका-इंग्लंडमध्ये हा छंदच आहे. खासगी मालकीचं, नागरी नोंदणी असलेलं विमान घ्यायचं आणि ते लढाऊ रंगात रंगवायचं. काही विमानं खरोखर जुनी लष्करी असतात, काही साधी ट्रेनर असतात, तर काही चक्क घरी बनवलेली असतात. कायदाही त्यांना सांभाळून घेतो. अमेरिकेत एरवी विमानावर नोंदणीची मोठी अक्षरं लागतात. पण विमान तीस वर्षांहून जुनं असेल, किंवा जुन्या विमानाच्या हुबेहूब आकाराचं असेल, तर दोन इंच उंचीची अक्षरं चालतात. दोन इंच! म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर नाव लिहिलंय तेवढी. इंग्लंडमध्ये तर लष्करी रंगातल्या जुन्या विमानांना नोंदणीची अक्षरं न दाखवण्याची सवलतही मिळते. आकाशात स्पिटफायर जातं, खाली लोक टाळ्या वाजवतात, आणि ते कागदोपत्री कुणा हौशी माणसाचं खासगी विमान असतं.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर थीम वेगळी आणि युजर-आयडी वेगळा. एके काळी आपण सगळ्यांनी विनअँपला काय काय स्किन्स लावल्या! कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आत विनअँपच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण तुमचं पान उद्या बँकेच्या पानासारखं दिसायला लागलं तर त्याला स्किन म्हणत नाहीत, फिशिंग म्हणतात. रंग तोच, पिक्सेल तेच. फरक एवढाच की समोरचा माणूस त्या रंगावर विश्वास ठेवून काहीतरी करणार असतो.

आता कुणी म्हणेल, आजकाल विमानात ट्रान्सपाँडर असतो, एटीसीला पडद्यावर सगळं दिसतं, रंगाने काय होतं? एटीसीला दिसतं हो. खाली शेतात उभ्या माणसाला दिसत नाही. ट्रान्सपाँडर ही मशीनने वाचायची ओळख, रंग ही माणसाने वाचायची. आणि आमच्या भागात माणसं रंग वाचतात.

राजुऱ्याच्या पूर्वेला गडचिरोली. आमचे एक काका शिक्षक होते. इलेक्शन ड्यूटीला आत जंगलातल्या गावांत जायचे. ते सांगायचे, अनोळखी माणसं गावात शिरली की गावकरी आधी चेहरा बघत नाहीत, कपड्यांचा रंग आणि पायातले बूट बघतात. पंचाईत अशी की हिरवा गणवेश दोन्ही बाजूंचा. पोलीसही हिरवे, नक्षलवादीही हिरवे. कुठल्या हिरव्याला पाणी दिलं यावरून नंतर कोण जाब विचारणार ते ठरायचं. मतदान पथकं हेलिकॉप्टरने जायची तेव्हाही लोक वर बघून अंदाज बांधायचे, हे कुणाचं, कशाला आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, आता दिवस बदलतायत. पण चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. शहरात मिलिटरी रंग ही फॅशन असते. तिकडे ती सूचना असते.

आकाशातही हा विनोदाचा विषय नाही. १ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात कलम घालावं लागलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. हे कलम कशावर उभं आहे? नागरी विमान कुठलं आणि लष्करी कुठलं हे ओळखता येतं, यावर. तो भेद पुसट करणारी प्रत्येक हौस, कितीही निरागस असो, त्या विश्वासातून थोडं थोडं खरवडून काढते.

मग काय, बंदीच घाला? नाही. इथे आमच्या राजुऱ्याचाच इतिहास मला अडवतो.

राजुरा तालुका मुळात निझामाचा. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूर इंग्रजांचं, अलीकडे आम्ही हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ मध्ये नांदेडला जोडले गेलो आणि १९५९ मध्ये चांद्याला. तर पहिल्या महायुद्धात निझाम मीर उस्मान अली खानने ब्रिटिशांच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला विमानांसाठी पैसे दिले. डीएच-९ए जातीची बॉम्बर. त्या विमानांवर चक्क रंगवलेलं होतं की हैदराबादच्या निझामाने दिलेली भेट. स्क्वाड्रनचं नावच पडलं ११० (हैदराबाद). त्यातलं एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं, बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, तिथून पोलंडला पोचलं आणि १९७७ मध्ये अदलाबदलीत लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आलं. ती पाटी आजही त्याच्यावर आहे. संस्थानच्या तिजोरीत आमच्या तालुक्याचाही शेतसारा जात होता. म्हणजे त्या रंगात दोन थेंब राजुऱ्याचे असतील!

मला त्या विमानातली आवडणारी गोष्ट ही की ते काहीच लपवत नाही. लष्कराचं काम, लष्कराचा रंग, आणि पैसे कुणाचे तेही बाजूलाच लिहिलेलं.

आता याच निझामाची दुसरी गोष्ट बघा. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्री-अपरात्री उडून बिदर आणि वरंगळला हैदराबादसाठी शस्त्रं पोचवली. कशातून? लँकास्ट्रियन विमानांतून. लँकास्टर या बॉम्बरचं ते नागरी रूप. अंगावर नागरी ओळख, पोटात बंदुका. नंतर इंग्लंडच्या कोर्टात त्याला दंड झाला. म्हणजे खोटं दोन्ही दिशांनी बोलता येतं. नागरी असून लष्करी दिसणं हे एक, लष्करी काम करून नागरी दिसणं हे दुसरं. दुसरं जास्त वाईट, पण पहिलंही खोटंच.

आणि पहिल्या प्रकारात एक नुकसान असं आहे की त्याकडे लक्षच जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी लिबरेटर बॉम्बर कानपूरला मोडतोड करून टाकून दिले होते. आपल्या लोकांनी त्या भंगारातून विमानं पुन्हा उभी केली आणि ती १९६८ पर्यंत वायुसेनेत वापरली. पुणेकरांनो, लोहगावहून लिबरेटर उडायचे! त्यातलंच एक पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं. त्यांनी मेहनतीने ते पुन्हा उडतं केलं, त्याबद्दल सलाम. पण रंग? आधी 'ऑल अमेरिकन', मग 'ड्रॅगन अँड हिज टेल', आणि २००५ पासून 'विचक्राफ्ट'. तिन्ही वेळा अमेरिकन हवाई दलातल्या दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचं रूप. खरी 'विचक्राफ्ट' युरोपात १३० मोहिमा करून आली होती. हे विमान आधी ब्रिटिशांकडे आणि मग वीस वर्षं भारताकडे होतं. एअर शोमधल्या पोराला ते कसं कळणार? कानपूरच्या मिस्त्रींचं कौतुक त्या रंगाच्या थराखाली गेलं ते गेलंच.

आपल्याकडेही असं एक विमान आहे, आणि तिथे मात्र माझं मन द्विधा होतं. 'परशुराम' नावाचं डकोटा. राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये स्वखर्चाने ते दुरुस्त करून घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटा चालवायचे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारायचं ठरलं, आणि २०१८ मध्ये ते इंग्लंडहून उडत हिंडनला आलं. अंगावर आपल्या वायुसेनेचे रंग आणि क्रमांक व्हीपी-९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिली कुमक नेणाऱ्या डकोटांमधला तो क्रमांक. हे विमान ते नव्हे, त्याचं भाऊबंद. पण ते वायुसेनेलाच दिलं गेलं, वायुसेनाच ते सांभाळते, म्हणजे रंग आणि मालक जुळले. मुलाने बापाच्या आठवणीसाठी केलेलं काम आहे. यात खोट काढावीशी वाटत नाही.

फक्त एक गोष्ट टोचते. १९४७ मध्ये श्रीनगरला जवान नेणाऱ्या डकोटा सगळ्या वायुसेनेच्या नव्हत्याच. खासगी विमान कंपन्यांच्या डकोटाही होत्या. युद्धानंतर लष्कराने विकलेल्या, कंपन्यांनी आपापल्या रंगात रंगवलेल्या. सीट काढून जवान बसवले आणि नोकरदार वैमानिकांनी त्या धुळीच्या पट्टीवर उतरवल्या. ना गणवेश, ना तारा. त्या दिवसाची आठवण म्हणून कुणी एखादं डकोटा त्या कंपन्यांच्या रंगात रंगवलं तर? मला वाटतं, तेही तितकंच खरं होईल. शौर्याचा रंग फक्त हिरवाच असतो ही समजूत आपण सिनेमातून उचलली आहे.

आपल्याकडे खासगी विमानं अजून हौसेच्या टप्प्याला आलेली नाहीत, पण येतील. चंद्रपूरजवळ मोरव्याची धावपट्टी आहे. आमच्याच तालुक्यात मूर्ती-विहीरगावला विमानतळाचा प्रस्ताव आहे, वनजमीन आणि वाघांचा भ्रमणमार्ग आडवा आला ही गोष्ट वेगळी. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा किती जणांचे डोळे पाणावले ते आपण पाहिलं. उद्या कुणी श्रीमंत हौशी माणूस आपलं छोटं विमान मिगच्या रंगात रंगवणारच. तेव्हासाठी माझे तीन नियम.

एक, व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं जमिनीवरून वाचता येतील एवढी हवीत. दोन इंची पळवाट नको.

दोन, रंग निवृत्त झालेल्या विमानांचे घ्या, आज सेवेत असलेल्यांचे नाही. आठवण जुन्याची असते, नव्याची फक्त नक्कल असते.

तीन, विमानाचा स्वतःचा खरा इतिहास दारापाशी लिहा. कुणी बनवलं, कुणी उडवलं, कुणी दुरुस्त केलं. दुसऱ्याचा रंग घेतला असेल तर तेही लिहा. निझामाला १९१८ मध्ये जमलं, आपल्याला का जमू नये?

राहता राहिली जीप. भाच्याला फोन करून मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, तू खोटं बोलत नाहीयेस, पण तुझी जीप बोलतेय. ती म्हणतेय 'मी आजही फौजेची आहे.' ती फौजेची होती, आता तुझी आहे. हे 'होती' रंगाने सांगता येत नाही, ते शब्दांनीच सांगावं लागतं.

"मंग काय करू?"

"रंग बदल. आणि आत डॅशबोर्डवर तिचा लिलावाचा कागद फ्रेम करून लाव."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, लाल चालते का?"

चालते, म्हटलं. पुढच्या खेपेला बघायला येतो.